नऊ पॉइंट आठ येईना

आमच्या मंगरूळपीरच्या कॉलेजात पेंडुलमचा प्रयोग करायची एक रीत होती. दोऱ्याला टांगलेला गोळा हलवायचा, वेळ मोजायची आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा, असं पुस्तकात होतं. पोरं मात्र उत्तर आधी लिहीत, नऊ पॉइंट आठ, आणि मग उलटं गणित करून वेळ बसवीत. मला ही बनवाबनवी जमेना. जमेना कसली, चीडच होती मला तिची. इंझोरीहून एसटीचे धक्के खात यायचं, ते काय नक्कल मारायला?

मी खरंच मोजलं. उत्तर दहाच्या पुढे गेलं. पुन्हा मोजलं, तरी पुढेच. घड्याळ दाबताना बोट कधी उशीर करतं, कधी घाई. ती चूक दोन्हीकडे झुकते आणि सरासरी काढली की बरीचशी विरते. माझी चूक मात्र दरवेळी एकाच बाजूला जाई. म्हणजे खोट हातात नव्हती, दुसरीकडे कुठेतरी होती.

सर जर्नलवर सही करेनात, आणि सहीशिवाय परीक्षेला बसू देत नसत.

"अख्ख्या वर्गाचं बरोबर येते, अन् तुहंच काहून चुकते? आकडा बदल, मंग सही."

"नाई बदलत, सर. मले जे आलं ते लिवलं."

प्रयोगशाळेत लाकडी मीटरपट्टी एकच. वारा सुटला की तीच खिडकीला अडसर म्हणून लावत. एकदा ती काढताना मला तिचं टोक दिसलं. खिडकीत नीट बसावी म्हणून कुणीतरी ते तासलं होतं, शून्यासकट. त्या टोकापासून मोजलं की दोरा आहे त्याहून लांब भरायचा, आणि लांबी फुगली की उत्तरही फुगणारच. माझं डोकंच फिरलं. पट्टी नेऊन सरांच्या टेबलावर आपटली.

सरांनी टोकावरून अंगठा फिरवला. "पट्टी तासेल हाय, मंजूर. पण बाकीच्या पोरायचं तं बरोबर आलं ना?"

"तेच तं मी इचारून राह्यली, सर. याच पट्टीनं त्यायचं बरोबर आलं कसं?"

सरांनी जर्नल पुढ्यात ओढलं. सही केली, आणि वर्गात सगळ्यात कमी मार्क मला दिले. देऊ द्या. मी तो आकडा खोडला नाही. खाली तासलेल्या टोकाचं कारण लिहिलं आणि तेच जर्नल घेऊन परीक्षेला बसले.