मी न शिकवलेली मुलगी

हे सदर मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचते. चकवा, पांढरी साडी, मागून आलेली हाक... आमच्या सारसोळ्यात अशा गोष्टी सांगणारे पैशाला पासरी आहेत. लहानपणी घरात कोणी खाडीतल्या भुताचा विषय काढला की मी उठून बाहेर जायचे. त्यामुळे आपणच कधी इथे लिहायला बसू असं वाटलं नव्हतं. घाबरण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगते. जे घडलं ते दिवसाढवळ्या, जेवणाच्या टेबलावर घडलं आणि सगळे शुद्धीत होते.

माझं नाव मनीषा. सारसोळे म्हणजे नेरूळमधलं मूळ कोळ्यांचं गाव — सेक्टर आणि सोसायट्या सगळं नंतर उभं राहिलं. आई अजूनही नेरूळच्या बाजारात मासळी विकते. मी इंग्लिशमध्ये एम.ए., बी.एड. केलं, इथल्याच एका शाळेत काही वर्षं शिकवलं आणि मग चीनला गेले. हुनान प्रांतातल्या एका नर्सिंग कॉलेजला इंग्लिश संभाषण शिकवणारी बाई हवी होती. तिथल्या मुली पुढे परदेशात नोकरीला जातात, म्हणून. मला वाटलं, वाशीएवढं गाव असेल. निघालं पुण्याएवढं.

फॉरेन टीचर म्हटल्यावर मुलींना गोरी बाई अपेक्षित होती. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा त्या माझ्या मागे दाराकडे बघत राहिल्या — खरी टीचर अजून यायचीय असं समजून. पण मुली चांगल्या होत्या. 'मनीषा' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी मानी झाले. मानी लाओशी. लाओशी म्हणजे शिक्षक.

दिवस सरळ जायचे. सकाळी वर्ग, दुपारी कॅन्टीनमध्ये भात, सगळीकडे प्यायला गरम पाणी. सुट्टीच्या दिवशी मी उगाच मच्छीबाजारात फेरी मारायचे, कारण तिथला वास तेवढा ओळखीचा होता. घरी बोलणं फक्त रविवारी. आपली नेहमीची ॲप्स तिथे चालत नाहीत, म्हणून भावाच्या — जितूच्या — मोबाईलवर तिथलं ॲप टाकून घेतलं होतं. व्हिडिओ कॉल करायचा, आईने स्क्रीनला तोंड चिकटवायचं आणि मला फक्त तिचं कपाळ दिसायचं. असं सगळं चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत कॉलेजातली माझी मैत्रीण लिन म्हणाली, गुईचौला जाऊ. गुईचौ हा शेजारचा डोंगराळ प्रांत. लिन ॲनाटॉमी शिकवायची, तिचं बालपण त्या बाजूला गेलेलं, त्यामुळे तिला तिथली बोली यायची. माझं चिनी भाजी घेण्यापुरतं. आम्ही रेल्वेने गेलो, मग बस केली आणि वळणावळणांच्या रस्त्याने एका लहान गावात उतरलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ती मुलगी अजून तिथे आहे. एक नदी, तिच्यावर दगडी पूल, वर डोंगरात भाताच्या पायऱ्या. मी त्या प्रांतात आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होते, हे लक्षात ठेवा.

भूक लागली होती. पुलाजवळ एक खानावळ होती. आम्ही दाराशी पोचतो तोच आतून एक बाई हात पुसत बाहेर आली. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मानी लाओशी."

लिन हसली. "तुझी कीर्ती इथवर पोचली."

मलाही वाटलं, एखाद्या विद्यार्थिनीची आई असेल. पण बाई भराभरा बोलत सुटली आणि लिनचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

"त्या म्हणतायत, तू बारीक झालीस," लिनने भाषांतर केलं. "म्हणतायत, वरची तुझी खोली त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही."

"त्यांना सांग, मी इथे पहिल्यांदाच आलेय."

लिनने सांगितलं. यांग बाई — त्यांचं आडनाव यांग — आधी मोठ्याने हसल्या. मग त्यांनी माझा चेहरा नीट निरखला. आम्हाला आत बसवलं आणि काही न विचारता समोर रस्सा आणून ठेवला. त्या भागात मासा आंबट रश्श्यात शिजवतात, टोमॅटो आंबवून. माशाचं डोकं वेगळ्या वाडग्यात काढून माझ्यासमोर ठेवलं. आमच्या घरी डोकं मीच खाते. पण डोकं आवडणारे खूप असतात, हे मला कळत होतं. मी मनात हिशोब मांडत होते — दुसरी एखादी भारतीय किंवा नेपाळी बाई इथे राहून गेली असणार, सावळा रंग, केस सारखे, यांना फरक कळत नसेल.

तेवढ्यात यांग बाईंनी माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. मी पूर्ण बाह्यांचं स्वेटर घातलं होतं.

लिन म्हणाली, "आईच्या विळीवर पडलेलीस, तो व्रण आता दुखतो का, असं विचारतायत. विळी म्हणजे नक्की काय ते मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, जमिनीवर बसून वापरायची सुरी."

मी बाही वर केली नाही. कोपराच्या जरा खाली तो व्रण आहे. लहानपणी आई मासळी कापत होती, मी धावत आले आणि पडले. लिनलासुद्धा ते माहीत नव्हतं.

त्यानंतर यांग बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आदल्या वर्षी हिवाळ्यात मी आले. वरची खोली भाड्याने घेतली. त्यांच्या मुलीला, श्याओयूला, इंग्लिश शिकवलं. दुपारी खानावळ रिकामी झाली की याच टेबलावर बसून शिकवायचे. वसंत ऋतूत एक दिवस निघून गेले. सामान फारसं नव्हतंच. फोटो? नाही, लाओशीला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. मलाही आवडत नाही... पण तेही अर्ध्या जगाला आवडत नाही.

त्या हिवाळ्यात मी रोज हुनानमध्ये वर्ग घेत होते. लिन त्याला साक्षी होती. आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसायचो.

"मुलगी कुठेय?" मी विचारलं.

"वर. तिने तुला खिडकीतून बघितलंय. येत नाही म्हणते. रागावलीय," लिनने यांग बाईंना विचारून सांगितलं.

पण थोड्या वेळाने ती आली. बारा-तेरा वर्षांची, केस कापलेले, शाळेचं जॅकेट. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "यू टोल्ड यू विल कम बॅक, नो? आय वेटेड ओन्ली."

ते 'ओन्ली' ऐकून लिनने माझ्याकडे बघितलं. माझ्या विद्यार्थिनी माझी नक्कल करताना नेमकं हेच करतात.

मी तिला इंग्लिशमध्ये समजावू लागले — बाळ, ती टीचर मी नव्हे, काहीतरी गैरसमज झालाय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "खोटारडी हायस तू."

ती मराठीत बोलली होती. नुसतं मराठी असतं तर एक वेळ... पण 'हायस'. आमच्या घरातली बोली. मी शाळेत गेल्यापासून बाहेर कोणासमोर तशी बोलत नाही, कॉलेजात तर प्रश्नच नाही. चीनमध्ये ती फक्त रविवारच्या कॉलवर माझ्या तोंडून निघायची, दार लावून.

"ही कुठली भाषा?" लिनने विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

मी जितूला कॉल लावला. रविवार नव्हता, पण आई घरीच असणार हे माहीत होतं. मला फक्त घरचं माणूस बघायचं होतं, दुसरा काही हेतू नव्हता. आईने नेहमीसारखं कपाळ दाखवलं. मी म्हटलं, मी फिरायला आलेय, आणि कॅमेरा जरा फिरवला. यांग बाई काउंटरमागे उभ्या होत्या.

आई म्हणाली, "हीच काय गो ती, आंबट रस्सा करनारी? आनि तिची पोर कशी हाय? इंग्लिश वाचाया लागली?"

"आये, तुला कोणी सांगितलं?"

"कोनी म्हंजे? तूच नाय का सांगत होतीस. दुपारी फोन करायचीस तेवा."

"कुठल्या फोनवर?"

"घरातल्या. लँडलाइनवर. मी बाजारातून येऊन बसले का वाजायचा. होली आली तेवा बंद झाला. म्हटलं, कामात असशील."

"आये, मी घरच्या फोनवर एकदाही फोन केलेला नाही. मी फक्त रविवारी करते, जितूच्या."

आई मोबाईलपासून लांब झाली. पहिल्यांदाच मला तिचा पूर्ण चेहरा दिसला. मग म्हणाली, "मंग मी कोनाशी बोलत होते?"

जितू मागून म्हणाला, आई दुपारी फोनवर असायची खरी, त्याला वाटायचं मावशीचा असेल.

लिनने संध्याकाळी गावात चौकशी केली. परदेशी माणूस कुठे राहिला तर तिथे पोलिसांकडे नोंद करावी लागते. अशी कोणाचीच नोंद नव्हती. शाळेत कधी फॉरेन टीचर आलेली नव्हती. पण पुलावरचा फळवाला, पलीकडची शिंपीण — दोघांनी मला बघून मान हलवली, जशी रोजच्या माणसाला बघून हलवतात.

आमचा बेत त्याच दिवशी पुढे जायचा होता. मी लिनला म्हटलं, राहू या. कारण ती मुलगी मागच्या दारात भाजी निवडत बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. तिने विचारलं — इंग्लिशमध्ये, सरळ — "तू ती नाहीस, तर मग ती कुठे आहे?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. आणि तिला काय सांगणार? की तशी कोणी नव्हतीच? तिने इतके महिने जिची वाट बघितली ती बाई अस्तित्वातच नाही? ते मला जमलं नाही. मी आमच्या बोलीत म्हटलं, "मी हाय ना हितं. चुकलं माजं."

ती मान खाली घालून पानं खुडत राहिली. मग तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच टेबलावर तिचं पुस्तक घेऊन बसलो. वाचनात ती छान होती. एका ठिकाणी मी काहीतरी समजावलं तर म्हणाली, "हे तू सांगितलंयस." मी म्हटलं, "बरं."

निघायच्या सकाळी ती बसपर्यंत आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीने म्हटलं, "येते गो."

तिने माझा हात बाजूला केला. "येते नको म्हनू," ती म्हणाली. "तेवा पन येते म्हनलीस. जाते म्हन."

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. आजही मी कोणाला म्हणू देत नाही. पण ती वाट अडवून उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लिन दारात थांबली होती. ज्या शब्दाचा तिने सरळ अर्थ घेतला होता, त्यापायी ती मुलगी इतके महिने बसच्या वेळेला इथे उभी राहिली होती.

"जाते," मी म्हटलं.

"जा," ती म्हणाली. आणि मग हसली. बस वळेपर्यंत हात हलवत होती.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मी परत आले. सध्या जुईनगरला एका क्लासमध्ये शिकवते, राहते आईबरोबरच. श्याओयूचे व्हॉइस मेसेज येतात, मीही पाठवते. ती आधीची बाई कोण होती हे श्याओयू विचारत नाही, मीही नाही. लिन म्हणते, माझ्यासारखी दिसणारी कोणी बाई असणार. ठीक आहे... पण मग व्रण? बोली? आईचा फोन? मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. झोपेत चालणं, विसर पडणं, कोणीतरी केलेली चेष्टा — एकही गोष्ट शेवटपर्यंत पुरत नाही. या सदरात बरेच जाणकार लिहितात. कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मी भुताखेतांवर आजही विश्वास ठेवत नाही. ठेवला तरी उपयोग नाही, कारण ते भूत कोणाचं? मी तर जिवंत आहे.

आईला मात्र स्पष्टीकरणाचं काही पडलेलं नाही. परवा आम्ही जेवायला बसलो होतो. तिने बोंबलाचं कालवण वाढलं आणि मधेच थांबली.

"तुजं ठीक हाय," ती म्हणाली. "तू आलीस घरी. ती कुटं जेवत असंल?"