डावीकडं बसलेली गाडी

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं न्हाई म्हणतात. पण ज्या नावाची त्या दिवशी लातूरभर बदनामी व्हायची होती, ते मी ठणकावून घेणार. वीरभद्र! निलंगा रोडला आमचं गॅरेज आहे. मी रुद्राणी. फोन मी उचलते, पाने मी देते अन् भांडणंही माझ्याकडंच, कारण ह्यांना ती जमतच न्हाईत. हे अकरा वर्षं नांदेडला दुसऱ्याच्या वर्कशॉपात राबले, मग इथं स्वतःचं टाकलं, पण कुणाला उलटून बोलणं काही शिकले न्हाईत.

आदिनाथ साहेब सकाळी दहालाच आले. सिव्हिल इंजिनिअर माणूस, रोज लातूर-नांदेड ये-जा. गाडी मोठी परदेशी, स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे असलेली. दार आपटून उतरले. मागनं त्यांची आई चतुराबाई हळूच उतरल्या. गाडी मागच्या बाजूला डावीकडं बसली होती, लंगड्या म्हशीवानी.

“मिस्त्री, आठ दिवसांपूर्वी ह्याच चाकाचे ब्रेक तुम्ही केले. तुमचा हात लागला अन् गाडी बसली. आज कारण सांगा, न्हाईतर गाडीवाल्यांच्या ग्रुपवर तुमचं नाव टाकतो.”

त्या ग्रुपात साडेतीनशे माणसं. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच येतात. माझं डोकं तडकलं, पण हे म्हणाले, “बघतो साहेब. माझ्याकडून काही राहिलं असंल तर ती चूक माझीच.”

घ्या! अजून गाडीला हात लावला न्हाई अन् गुन्हा कबूल!

चतुराबाईंना मी खुर्ची दिली, चहा दिला. कप त्यांच्या हातातच गार झाला.

स्कॅनर लावला. मागच्या डाव्या बाजूच्या उंची सेन्सरचा दोष दाखवला. साहेब लगेच म्हणाले, “नवा सेन्सर टाका, विषय संपवा.” दुसऱ्या कुणी टाकलाही असता. ह्यांनी खिशातून टेप काढला. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत चारी चाकांवर मोजलं अन् टायरवरच खडूनं आकडे लिहिले. ही ह्यांची जुनी खोड. मशीनचं नंतर, आधी गाडीला विचारायचं.

डावी बाजू सहा सेंटिमीटर खाली, अन् सेन्सर सांगतोय की ती वर हाय. “गाडी बिचारी त्याचं ऐकून हवा सोडून राहिली,” हे मला म्हणाले. साबणाचं पाणी मारून बघितलं, फुगा कुठं गळत न्हाई. वायर धडधाकट. मग उरली सेन्सरची कांडी. सेन्सरपासून चाकाकडं बोटभर जाडीची कांडी जाते. गाडी खालीवर झाली की कांडी हलते, तेव्हा सेन्सरला उंची कळते. ब्रेक करताना ह्यांचा हात तिथंच गेला होता. तेवढं आठवलं अन् ह्यांचं तोंड असं उतरलं की मला बघवेना.

चाक काढून हे आत वाकले ते बाहेरच येईनात. मी जवळ गेले. कांडीला काळा दोरा, सात वेढे, शेजारच्या पट्टीसकट करकचून आवळलेला. मधे चिंधीत बिब्बा. नजर लागू नये म्हणून बांधतात तसा. आता कांडी हलणार कशी, अन् गाडी खाली बसली तरी सेन्सरला कळणार कसं?

मी वळून बघितलं. खुर्चीवर चतुराबाई पदराचं टोक पिळत होत्या. ब्रेकला आले तेव्हा साहेबांनी गाडीपुढची लिंबू-मिरची आमच्याच दारात तोडून फेकली होती. “असला अडाणीपणा माझ्या गाडीला नको,” म्हणाले होते. मला सगळं उमगलं.

हे बाहेर आले. मूठ बंद.

“काय निघालं?”

“कांडी अडकली होती साहेब. ब्रेक करताना माझ्याच हातून राहिलं.”

अगं बाई! खरं बोलायला माझी जीभ शिवशिवत होती, पण ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. म्हातारीला चारचौघांत बोलणी बसू नयेत म्हणून हा माणूस कमावलेलं नाव मातीत घालून राहिला होता. मला राग आला अन् त्याहून जास्त माया आली.

“वाटलंच मला,” साहेब मोबाइल काढून टाइप करायला लागले.

चतुराबाई उठल्या. हात त्यांनी लेकाच्या मोबाइलवर ठेवला.

“त्याचं नाव नगं लिहू. माझं लिही. म्या बांधलं ते.”

ह्यांनी मूठ उघडली. बिब्बा बघून साहेबांचा चेहराच बदलला.

“आई, गाडीखाली शिरलीस तू? ह्या वयात?”

“वर बांधलं की तू फेकतूस. म्हणून चाकाच्या मागं बांधलं, तुला दिसू नये असं. तुझा बाप नांदेडच्या रस्त्यानं गेला अन् माघारी आला न्हाई. तू रोज जातूस.”

साहेबांनी टाइप केलेलं पुसलं. “चुकलो, मिस्त्री,” एवढंच म्हणाले. मग आईकडं वळले. “मला सांगायचं तरी होतंस.”

“सांगितलं की. पोचल्यावर रोज एक फोन कर म्हणलं होतं. केलास का कधी?”