फुकट म्हणायचं नाही

“फुकट म्हणायचं नाही. आपलं म्हणायचं,” असं सांगताना बाई डोळे अर्धवट मिटून घेत. नगरमधल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. मी शेजारच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वसतिगृह सरकारी अनुदानावर चालायचं. राहणं, जेवण, पुस्तकं, मुलींकडून कशाचेच पैसे घेत नसत. पण ‘फुकट’ हा शब्द बाईंना सोसत नसे. “काडेपेटी घेतानासुद्धा माणूस सरकारला कर देतो. मग त्याच्या लेकीचं ताट फुकट कसं?”

एकदा तपासणीला आलेले साहेब कौतुकानं म्हणाले, “फुकटात छान शिकताहेत मुली.”

“आपण सरकारी जीपनं आलात ना? फुकट आलात, असं म्हणू का?” बाईंनी शांतपणे विचारलं. साहेब हसले आणि त्यांनी आणखी एक कप चहा घेतला.

संध्याकाळी मुली मोठ्यानं वाचू लागल्या की बाई पायरीवर येऊन बसत. कुणाची कविता, कुणाचा भूगोल, कुणाचे पाढे, सगळं एकमेकांत मिसळून जाई. “बसा जरा, ऐका,” त्या मला म्हणत. “शब्द नाही कळले तरी चालेल.” मग मलाही वाटायचं, लांब कुठंतरी नदी वाहते आहे. दुष्काळाचं वर्ष होतं. जिल्ह्यातल्या नद्यांत नुसती वाळू होती.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली, तरी सुप्याच्या पलीकडची सातवीतली एक मुलगी परत आली नाही. बाई मला घेऊन एसटीनं निघाल्या. सुप्याला उतरून आम्ही बरंच चाललो. गावाबाहेर दुष्काळी कामावर तलाव खोदत होते. पांढऱ्या धुळीत माणसं तरंगल्यासारखी दिसत होती. त्यातूनच आमची मुलगी डोक्यावर मातीची पाटी घेऊन आली, बाईंना पाहून थबकली आणि पुढं गेली.

तिचे वडील खोऱ्याला टेकून उभे राहिले. “आमी मागून खानारी मानसं न्हाई, बाई. दुष्काळ पडला तशी पोर फुकटच्या अन्नाला टाकली, म्हनंल गाव.”

“ह्या कामाची मजुरीही सरकारच देतं. ती मागून घेता का?”

“घाम गाळतो की.”

“तीही गाळते. गणिताला बसली की बघा एकदा.”

ते मिशीत हसले. मग हळूच म्हणाले, “तिची मजुरी बुडंल.”

“बुडेल,” बाई म्हणाल्या. “शिकणाऱ्या पोरीच्या घरालाही सरकारनं हात द्यायला हवा. मी मागते आहे. अजून मिळत नाही.”

शेजारी माती भरणारी मुलीची आई पाटी खाली ठेवून कळशीकडं गेली. घरून आणलेलं पिण्याचं पाणी होतं ते. तिनं तांब्या भरला, लेकीला जवळ ओढलं आणि तिचं तोंड धुतलं. मग हात, मग पाय. तांब्या रिकामा होईपर्यंत नवरा नुसता बघत राहिला.

“न्या तिला,” ती म्हणाली. “तिच्या पाट्या मी टाकीन.”

त्यानं खोरं उचललं आणि कामाला लागला. नाही म्हणाला नाही.

परतीच्या एसटीत मुलगी बाईंच्या खांद्यावर झोपली. नगरच्या वेशीवरचं केडगाव आलं तरी बाई हलल्या नव्हत्या. ती मुलगी पुढं नर्स झाली; धाकट्या बहिणीला तिनं स्वतः वसतिगृहात आणून सोडलं.

निवृत्त होऊन बाई जिल्ह्यातल्याच बेलापूरला भावाकडं गेल्या. बऱ्याच वर्षांनी मी भेटायला गेले, तेव्हा त्या कालव्याच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. माझ्याकडं खूप वेळ पाहिलं त्यांनी. ओळख लागली नाही.

“कुठल्या गावची गं तू?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“लांबून आलीस. घाबरू नको, चार दिवसांत करमेल.” त्या उठल्या, ओल्या पावलांनी वाटेला लागल्या. “चल, तुझी खाट दाखवते.”

मी त्यांच्या मागोमाग निघाले.