मुंबईला जाणारी वायर

नोकरीत मी दरोडेखोर पकडले, हातभट्ट्या फोडल्या, आणि एकदा सर्कशीतून सुटलेल्या उंटाला लॉकअपमध्ये ठेवून सकाळी जातमुचलक्यावर सोडलं. उंटाचं खरं वाटत नसेल तर तेवढं सोडून द्या, पुढचं मात्र खरं धरा. कोणती केस डोक्यातून जात नाही असं कुणी विचारलं, तर मी खुनाबिनाचं नाव घेत नाही. मी एका वायरीचं नाव घेतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याला फौजदार होतो. तालुका साताऱ्यातला की सांगलीतला ते सांगत नाही. सांगितलं तर एका जिल्ह्याला राग येईल आणि दुसरा उगाच खूश होईल. तिथल्या कचेरीतली रांग अशी, की शेपटाला तरणा उभा राहिलेला माणूस खिडकीपाशी पोचेपर्यंत पेन्शनीत निघायचा. उत्पन्नाचा दाखला असो, रहिवासाचा असो, जातीचा असो, खिडकीतून उत्तर एकच यायचं : उद्या या.

अशात एसटी स्टँडसमोर एका पट्ठ्याने गाळा घेतला. वाईकडचा माणूस, तिशीतला, बोलणं असं की समोरच्याने बिनसाखरेचा चहा गोड म्हणून प्यावा. गाळ्यात कॉम्प्युटर, बाहेर पाटी : ‘सरकारी दाखले कॉम्प्युटरवर’. कॉम्प्युटरमागून एक जाड काळी वायर निघून खिडकीबाहेर वर गेली होती. ही वायर थेट मुंबईला मंत्रालयात जाते, असं तो सांगायचा. गिऱ्हाईक समोर बसायचं, हा टकटक करायचा, प्रिंटर करकरायचा, आणि हा म्हणायचा, “गेलं मुंबईला. परवा या.” आणि परवा गेलं की दाखला हजर, सही-शिक्क्यासकट. अख्खा तालुका लोटला. मलकापूर-कुंडलकडची माणसंसुद्धा वायर बघायला एसटीने येऊन गेली.

खबर दिली ती कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून अर्ज लिहून देणाऱ्या एका म्हाताऱ्याने.

“सायब, त्यो खोटं दाखलं काढतोय. मी जल्म घातला ह्यात, माज्या अर्जाला म्हैना लागतो. ह्येचं परवा कसं हुतंय?”

“तुमचा धंदा बसला म्हणून सांगताय का, आजोबा?”

“बसलाय की. पर म्हनून त्यो खरा ठरतोय व्हय?”

मला हे पटलं. स्वार्थी माणसाची खबर बहुतेक वेळा पक्की निघते. निःस्वार्थीपणे खबर द्यायला कुणी आला की मी आधी त्याचीच चौकशी लावायचो.

हवालदाराला धोतर नेसवून बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. त्याच्या मिशा अशा, की दोन्ही टोकांवर लिंबं ठेवली तरी पडू नयेत. पण त्याला कुणी ओळखलं नाही, कारण सगळा गाळा वायरीकडे बघत होता. एका शिपायाला वायरीच्या मागावर सोडलं. तो गच्चीवर चढला आणि खाली येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, “सायब, मुंबई लय जवळ हाय. पाण्याच्या टाकीला गाठ मारलीया.”

लगेच छापा घातला. पंच बोलावले, पंचनामा सुरू झाला आणि तिथेच अडला, कारण जप्त करायच्या वस्तूंना काय म्हणतात ते ना पंचांना माहीत, ना आम्हाला. हवालदाराने लिहून काढलं : टीव्हीसारखी पेटी एक, बटणांची फळी एक, शेपूट असलेली डबी एक. शेवटी आरोपीच आम्हाला नावं सांगू लागला. गाळ्यातले लोकांचे कागद होते तसे पोत्यात भरले, पोत्यावर लाखेचं सील ठोकलं आणि सगळं मुद्देमाल खोलीत गेलं.

चौकशीत मला वाटलं होतं, दोन प्रश्नांत रडेल. हा खुर्चीवर जावयासारखा बसला.

“खोटे शिक्के कुठे ठेवलेत?”

“खोटा एक बी न्हाई, सायब. कचेरीत दाखवून आना.”

“आणि वायर?”

“वायर खोटी हाय. तेवढं लिवून घ्या.”

दाखले कचेरीत नेले. सही खरी, शिक्का खरा, जावक क्रमांकसुद्धा खरा. एवढं खरं काम त्या कचेरीतून दोन दिवसांत बाहेर पडतं, हाच मला मोठा गुन्हा वाटला. म्हणजे टेबलाखालून काहीतरी चालू असणार. दाखल्याचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनाला जबाबाला बोलावलं. सरळ माणूस, छत्री मांडीवर धरून बसला.

“बाकीच्यांना महिना, आणि याचे अर्ज दोन दिवसांत. काय देत होता तो?”

“साहेब, देवाशपथ, त्याचा चहासुद्धा घेतलेला नाही.”

“मग का केलीत कामं?”

“ते अर्ज वरून आलेले होते ना.”

“वरून आले हे कोणी सांगितलं?”

कारकून माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच अडाणी. “कागदाच्या दोन्ही कडांना भोकं होती, साहेब.”

आता ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हाच्या प्रिंटरला लागायचा तो कागद घड्याघड्यांचा, दोन्ही बाजूंना बारीक भोकांची पट्टी. असा कागद आमच्याकडे फक्त जिल्ह्याहून यायचा. आणि जिल्ह्याहून आलेला कागद गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायची हिंमत कोणत्या कारकुनात असते? हा पट्ठ्या लोकांचे अर्ज नीट, बिनचूक छापायचा, भोकांची पट्टी न फाडता तशीच ठेवायचा, सायकलवर टांग मारून कचेरीत जायचा आणि आवक टेबलावर ठेवून यायचा, आणि दोन दिवसांनी तयार दाखले उचलून आणायचा. तोंडातून शब्द नाही. लोकांना वाटायचं अर्ज मुंबईला गेला, कचेरीला वाटायचं अर्ज वरून आला. दोघांच्या मध्ये ही एक सायकल, आणि त्या सायकलमुळे तालुक्यातलं कारभाराचं गाडं पहिल्यांदा पळत होतं.

मी आणि हवालदार त्या दिवशी खूप हसलो. फसवणुकीचं कलम लागलं. गुन्हा उघडकीला आणल्याबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. कचेरीने भोकांचा खाजगी कागद घेऊ नये असा हुकूम काढला आणि पट्ठ्याचे राहिलेले अर्ज सर्वसाधारण गठ्ठ्यात टाकले. रांग पुन्हा लांबली.

मग एक मुलगी बापाबरोबर ठाण्यात आली. बौद्ध वस्तीतली, बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. बाप एसटीच्या वर्कशॉपला हेल्पर, अंगावर खाकीच, त्यामुळे तो मला सॅल्यूट ठोकून उभा राहिला. मुलीला सांगलीला नर्सिंगची जागा मिळाली होती. जातीचा दाखला काढायला म्हणून शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिने गाळ्यात दिला होता. तो आमच्या सीलबंद पोत्यात होता. शनिवारी प्रवेशाची मुदत संपत होती.

“सायब, माजा दाखला तुमच्याकडं हाय,” ती म्हणाली.

“आहे. पण पोतं सील झालंय.”

“मग सील उघडा की. मी काय चोरी केली न्हाई.”

“गप गं,” बाप म्हणाला. “सायबांस्नी असं बोलत्यात व्हय?”

ती गप्प बसली नाही आणि ते बरंच झालं. मला धावपळ करावी लागली. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. अर्ज टाकला, तर सरकारी वकिलांचा अभिप्राय हवा. अभिप्राय मिळाला, तर न्यायाधीश रजेवर. शाळेकडे दुसरा दाखला मागितला. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, मूळ दाखला हरवल्याचं पोलिसांचं पत्र आणा, लगेच देतो. आता हरवला कसा लिहायचा? तो तर माझ्याच भिंतीपलीकडे पडला होता, त्याला नंबर होता, रजिस्टरला नोंद होती. जगातला सगळ्यात सुरक्षित कागद होता तो.

हवालदार हळूच म्हणाला, “साहेब, हरवला म्हणून द्या लिहून. कोण बघतंय?”

मी नाही म्हणालो. आज कुणी विचारलं तरी मी नाहीच म्हणेन, आणि म्हणताना तेवढंच टोचेल. सांगलीला मी स्वतः फोन लावला. तिथल्या बाई नीट बोलल्या, पण मूळ कागद बघितल्याशिवाय प्रवेश नाही म्हणाल्या. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. तिचाही त्यात काही दोष नव्हता. सगळेच जण नियमाने वागत होते, माझ्यासकट.

आमच्या कायद्यात नाशवंत माल म्हणून एक भाग आहे. चोरीची द्राक्षं सापडली तर ती कोर्टाच्या परवानगीने लगेच मोकळी करता येतात, कारण द्राक्षं थांबत नाहीत. मासे, दूध, भाजी यांचीही काळजी कायद्याने घेतली आहे. कागद नासत नाही, म्हणून त्याला ती सवलत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत, पोत्याला सील लावण्याआधी, मी पंचांसमोर एक प्रश्न विचारायचो : यात कुणाचं काही अडलंय का? नवे शिपाई हसायचे. पंचनाम्यात तसा रकाना नाही. मला खटल्यांनी पुष्कळ शिकवलं, पण या खटल्याने शिकवलं ते एवढंच. पट्ठ्या पुढे निर्दोष सुटला आणि पुण्याकडे गेला म्हणतात. आता लोक घरबसल्या मोबाइलवर दाखले काढतात, वायरसुद्धा लागत नाही. ऐकून मला बरं वाटतं आणि मग वाटत नाही.

कोर्टाचा हुकूम आला तेव्हा शिपायाला न पाठवता मी स्वतः दाखला घेऊन गेलो. ती शेतातून काढलेल्या आल्याचे गड्डे धुवायच्या कामावर होती, हात कोपरापर्यंत मातीचे. तिने हात धुतले, पुसले, कागद न्याहाळला आणि घडी केली. मी पावती पुढे केली. पावतीवरचा मजकूर ठरलेला असतो. तिने तो मोठ्याने वाचला, “मुद्देमाल सुस्थितीत परत मिळाला.” मग पेन हातात तसंच धरून तिने मला विचारलं, “सुस्थितीत म्हंजे कागदापुरतंच न्हवं, सायब?”

मी होय म्हणालो. मग तिने सही केली.