भिकूच्या नावाचं झाड

किस्से कुणी मुद्दाम साठवत न्हाई. बोटाला लागलेला धुपाचा चीक राखेनं घासा, साबणानं धुवा, जात न्हाई, तसंच हे. मी सांगतोय, नात सुमन लिहून घेतेय.

आम्ही तिघं, मी, रघू आणि भिकू, दिग्गीच्या रानात धूप काढायचो. झाडाला खाच पाडायची, चीक गळू द्यायचा, चार दिवसांनी गोठला की तोच धूप खरवडायचा. रिवाज एकच: जो झाड आधी हुडकील, त्याचं नाव झाडाला. माझी पाच झाडं, रघूची नऊ. भिकूचं एकबी न्हाई!

*

रघू आपल्या पहिल्या झाडाला खाचच पाडू देईना. "माझ्या अंगावर कोयता मारतोस व्हय?"

भिकू म्हणाला, "मर्दा, तिकडं उभा राहा, डोळं झाक. दुखलं तर वरड!"

रघूनं खरंच डोळे झाकले!

*

एकदा भिकू पळत आला. "गावलं! माझं झाड गावलं!" त्याच्या बायकोनं नारळ दिला. तिघं डोंगर चढलो, भिकूनं नारळ फोडला. मी सहज झाडाला वळसा घातला, तर मागं जुनी, भरून आलेली खाच. माझ्याच कोयत्याची!

मी गप बसायला पाहिजे होतं. पण तोंडातून गेलंच, "भिकू, हे माझं रे."

भिकूनं खोबऱ्याचे तुकडे केले, आमच्या हातावर ठेवले. मग म्हणाला, "असूं दे. नारळ तरी माझा हाय. खावा."

*

सुमन दांडेलीला कॉलेजात केमिस्ट्री शिकते. एकदा भिकू ओट्यावर बसलेला असताना म्हणाली, "अज्जा, बेंझीनचं नाव धुपावरनं आलंय! सुमात्राच्या लोबानाला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणायचे, म्हणजे शेजारच्या जावा बेटाचा लोबान. तोंडोतोंडी झिजून त्याचं झालं बेंझॉइन. त्यापासनं काढलेलं ते बेंझीन."

भिकूनं विचारलं, "झाड सुमात्राचं आणि नाव जावाचं?"

"व्हय, भिकूअज्जा."

"सुमात्राला कुणी विचारलं न्हाई?"

"न्हाई."

भिकूनं पान लावलं, सावकाश चघळलं. "मग मी एकटाच न्हाई म्हणायचा!"

*

भिकू जाऊन दोन वर्षं झाली. परवा सुमनला कॉलेजसाठी झाडांची यादी करायची होती. मी आणि रघू काठ्या टेकत तिच्यासंगं गेलो. फिरत फिरत त्याच झाडाशी आलो.

"अज्जा, हे कुणाचं?"

मी मागच्या बाजूला गेलो, जुन्या खाचेला पाठ लावून उभा राहिलो.

"भिकूचं."

सुमन लिहिता लिहिता थांबली. "नक्की? त्यांचं तर एकबी न्हवतं न्हवं?"

रघू माझ्याकडं बघत होता. मग काठी आपटून म्हणाला, "नक्की म्हणजे? पोरी, ह्याचा नारळ मी खाल्लाय!"