भर बाजारातलं घर

भंडाऱ्याच्या मोठ्या बाजारात दिवसभर दार उघडं असलेलं एकच घर होतं, ते माडीवरच्या काकूंचं. खाली ओळीनं दुकानं, वर गोदामं, आणि त्यातच एका सज्जात वाळत घातलेली साडी दिसली की समजायचं, इथे माणसं राहतात. काकू त्या सज्जात उभ्या राहून अख्ख्या चौकाशी बोलायच्या. वांगी ताजी आहेत का, हे त्या भाजीवालीला वरूनच विचारायच्या आणि सोनाराच्या दुकानात बसलेलं गिऱ्हाईकही मान वर करून पाहायचं.

मी शहापूरहून बसनं येऊन समोरच्या साडीच्या दुकानात नोकरी करायचे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात मी दिवसा पाणी पिणं सोडलं. का, ते बाजारात काम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. दुकानातले पुरुष मागच्या बोळात जाऊन यायचे. आम्ही मुली संध्याकाळची, घरी पोचण्याची वाट पाहायचो. एका दुपारी ओठ आवळून दुकानाच्या पायरीवर उभी होते, तर वरून आवाज आला, "ए निळ्या ओढणीची! काहून उभी आहेस वं अशी? ये वर."

वर गेले. काकूंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नुसतं बोटानं मागचं दार दाखवलं. बाहेर आले तेव्हा पाण्याचा गिलास घेऊन उभ्या होत्या. "आता पी पोटभर. रोज येत जा. लाजू नको, तुह्यासारख्या लय येतात."

खरंच येत. कोंढ्याहून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेल्या मायलेकी, बाळाला पाजायला आडोसा शोधणारी एखादी, बांगड्या विकायला बसणारी म्हातारी. काकू सज्जातून बरोबर ओळखायच्या. मी एकदा विचारलं, कसं समजतं? म्हणाल्या, "बाई साडी पाहाची सोडून दुकानाच्या मागं पाहून राहिली, तं समजाचं." मग हसल्या आणि म्हणाल्या, "माह्या लग्नाचा बस्ता याच बाजारात झाला. दिवसभर रडकुंडीले आली होती मी. शालू कोणत्या रंगाचा घेतला, तेही मले घरी गेल्यावर दिसलं."

जिल्हा तुटल्यावर बाजार जरा उतरला होता. कोर्टकचेरीच्या कामाला येणारी गोंदियाकडची माणसं परतताना खरेदी करून जायची, ती येईनाशी झाली. त्यातच हायवेकडे नव्या वसाहती उठल्या, काचेची दुकानं झाली. बाजारातल्या माड्यांवर राहणारी घरं एकेक करून तिकडे गेली. काकूंच्या मुलानंही तिकडे घर बांधलं. काकू काही हलल्या नाहीत. "सारेच निघून गेले तं अंधार पडल्यावर इथं कुत्रे राहतील फक्त," म्हणायच्या.

शेवटी दुकानदारांनी बैठक बोलावली. बाजारात गिऱ्हाईक कसं टिकेल, हा विषय. कोणी म्हणालं कमान उभारू, कोणी म्हणालं रोषणाई करू. आमचे शेठ नोकरमाणसांनाही घेऊन गेले होते, म्हणून मी तिथे होते. मागे येऊन बसलेल्या काकू उठल्या.

"दिघोरीची बाई सकाळच्या बसनं येते आणि दुपारीच काहून परत जाते? सांगा कोणी."

मग त्याच म्हणाल्या, "तिले जायले जागा नाही म्हणून. जागा द्या, मंग पाहा कशी संध्याकाळपर्यंत फिरते बाजारात."

काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या. एक वयस्कर व्यापारी म्हणाले, "काकू, हा काय चारचौघांत बोलायचा विषय आहे का?"

"बोलाचा नसन तं करून टाका. बोलाचं कामच नाही!"

करायला सगळे तयार झाले. नगरपालिकाही पाण्याचं पाहायला तयार झाली. पण बायकांचं स्वच्छतागृह आपल्या दुकानाशेजारी कोणालाच नको होतं. मग काकूंनी स्वतःच्या घराखालची जागा देऊ केली. तिथे काकांचं भांड्यांचं दुकान होतं. काका गेल्यापासून ते बंदच होतं आणि मुलाला तिथे मोबाईलचं दुकान काढायचं होतं. तो तणतणत आला. "आई, भर चौकातली जागा आहे. लोक हसतील आपल्याले."

"हसू दे. तुह्या बाबाच्या दुकानात कोण येत होतं? बायाच ना? आताही बायाच येतील."

मुलगा तसाच पाय आपटत निघून गेला. मग एके सकाळी तोच नळवाल्याला घेऊन आला आणि फरशीही स्वतः पसंत करून लावून घेतली.

सुरू झालं त्या दिवशी मात्र एकही बाई फिरकली नाही. पाटी भलीमोठी, जागा ऐन चौकात आणि समोर पानठेल्यावर सगळे पुरुष. काकू दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सकाळी उजळलेला त्यांचा चेहरा दुपारपर्यंत एवढासा झाला. मला ते पाहवेना. मी हातातली साडी खाली ठेवली, शेठला मोठ्यानं म्हणाले, "मी जाऊन येते," आणि सरळ रस्ता ओलांडला. सगळा चौक पाहत होता, कान नुसते तापले होते. बाहेर आले तर बांगड्यावाली म्हातारी टोपली झाकून दाराशी आली होती. तिच्यामागे दुकानांतल्या आणखी मुली होत्या. काकू एवढंच म्हणाल्या, "ओळीनं या गं पोरींनो!" आणि पदरानं घाम पुसल्यासारखं केलं.

त्यानं बाजाराचं नशीब पालटलं असं नाही. हायवेकडची दुकानं वाढायची ती वाढलीच. पण दसऱ्याआधी दीक्षाभूमीला नेसून जायच्या पांढऱ्या साड्या घ्यायला आमच्या वस्तीतल्या बाया यायच्या, त्या आता आरामात बसून निवडू लागल्या. चाटच्या गाडीशी बायकांचे घोळके उभे राहू लागले. दिवेलागणीला बाजारात बायकांचं हसणं ऐकू येऊ लागलं, आणि काकू सज्जातून ते ऐकत बसायच्या.

पुढे गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा काकू मुलाकडे गेल्या. मी भेटायला गेले की तक्रार करायच्या, "सारं चांगलं आहे वं इथं, पण कोणी ओरडत नाही." मागच्या दिवाळीआधी मी त्यांना ऑटोत घालून बाजारात आणलं. आमच्याच दुकानात गादीवर बसवलं. माझ्या जागी आता नवी मुलगी आहे, ती काही त्यांना ओळखत नव्हती. साड्या दाखवता दाखवता ती वाकून हळूच म्हणाली, "आजी, जायचं असेल तर सांगा हं, समोरच सोय आहे. मी हात धरून नेते."

मी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी माझा हात दाबला.

"हो का?" त्या म्हणाल्या. "चांगलं केलं बाई, ज्यानं कोणं केलं त्यानं." आणि पुढची साडी उलगडायला सांगितली.