रगत, पुढे टिंब

शेवंतीच्या नडगीवर पांढरट डाग होता. मिठागरात राबणाऱ्या कुणाच्या नडगीवर तो नसतो? खारं पाणी पायात मुरतं, कातडी तडकते, भरते, पुन्हा तडकते, आणि भरल्या जागचा रंग उडतो. तिच्या नवऱ्याच्या, दामाजीच्या, दोन्ही पायांवर असे डाग होते. सासू ठमाबाईच्या पायांवर किती होते ते मोजायचं म्हटलं तर दुपार जाईल. पण ठमाबाईची आई कोण आणि ती कशाने मेली हे अख्ख्या डोंबिवलीला ठाऊक होतं. शेवंतीची आई कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळा घोळ तिथे झाला.

शेवंती ही दुष्काळातली पोर. अठराशे सत्याहत्तर साली घाटावरून माणसं लोंढ्याने खाली उतरली, कल्याणपर्यंत आली आणि कल्याणला मरून पडली. ठाण्यातल्या चार धनवंतांनी मदतीसाठी एक मंडळी काढली, कल्याणच्या बंदरावर छपरं घातली, आणि मागे उरलेल्या पोरांसाठी ठाण्याला तळ्याजवळ अनाथखाना उघडला. माजिवड्याच्या नाथाला मूलबाळ नव्हतं. तो आणि त्याची बायको मनुबाई अनाथखान्यात गेली, दोनेक वर्षांची एक पोर कडेवर घेऊन आली आणि तिचं नाव शेवंती ठेवलं. पदरात पडलं, पवित्र झालं. पुढे ती लग्न होऊन डोंबिवलीला खाडीकाठच्या घरी आली, तिला जया झाली, आणि मनुबाई नातीचं तोंड बघून मगच मेली. अठरा वर्षांत कुणी शेवंतीला परकी म्हटलं नव्हतं.

मग माघात गावात एक लग्न निघालं आणि त्या लग्नाला पंढरी आला. पंढरी म्हणजे त्या अनाथखान्याचा शिपाई. जेवणाच्या पंगतीत त्याने शेवंतीला वाढताना पाहिलं, नाथाची पोर म्हणून ओळखलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "हिची आयस रगतपितीनं मेली. आमचे चोपडीत लिवलंय. आमचे कारभारी रावांनी वाचून दाखवलंय मना."

रगतपिती! म्हणजे महारोग. बोटं झडतात, नाक बसतं. पंगतीत हातातला घास हातात राहिला. ती रक्तात उतरते, आईची लेकीला येते, असं तेव्हा सगळेच मानत. ठमाबाईने रात्रीची वाट पाहिली नाही. दुपारीच सुनेला अंगणात बसवून तिने नडगीवरच्या डागात सुई टोचली. शेवंती कळवळून ओरडली. महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही हे लहान पोरही सांगेल, तेव्हा तिथेच निकाल लागायला हवा होता. पण ठमाबाई म्हणाली, "आज दुखलं. उद्या नाय दुखणार. रक्तान हाय त्याचा काय भरवसा?"

आता या बाईशी वाद कोण घालणार!

शेताच्या बांधावर राखणीची खोप होती, तिथे शेवंतीची रवानगी झाली. जया दीड वर्षाची, अजून अंगावर पीत होती. ती ठमाबाईने ठेवून घेतली. पहिले आठ दिवस शेवंतीचं लुगडं दुधाने भिजायचं आणि घराकडून पोरीचा रडण्याचा आवाज यायचा. मग दूध आटलं. मग रडणंही थांबलं, आणि ते थांबलेलं शेवंतीला जास्त लागलं. दामाजी रोज भाकरी आणून दहा पावलांवर ठेवायचा. माणूस वाईट नव्हता, पण आईसमोर त्याच्या तोंडाला कुलूप. ती विचारायची, "जया काय करतंय?" तो म्हणायचा, "खेलतंय." तिला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि दोन्ही गिळून ती भाकरी खायची.

असे चार महिने गेले. एक दिवस दामाजी भाकरी ठेवून वळला तेव्हा ती म्हणाली, "चोपडीत लिवलंय ना? मग ती चोपडी मी वाचून घेतंय. तुमचे आयसला सांगा, कागद आणतंय. कागदात रगतपिती निघाली तर मी खोपीतच मरेन, तोंडातून चकार शब्द काढणार नाय. नाय निघाली तर माझी पोर मना पाहिजे."

दामाजीने निरोप पोचवला. ठमाबाई बोलली, "कागद आण, मग बघू."

ओहोटीला एक होडी ठाण्याकडे निघाली होती, तिच्यात शेवंती बसली आणि माजिवड्याला बापाकडे उतरली. नाथा आता म्हातारा झाला होता, डोळ्यांना कमी दिसायचं. लेकीने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमी काय कमी केलंव गो तुना?"

"तुमी कायच कमी नाय केलंव, बाबा. पण माझे पोरीला माझेपासून तोडून ठेवलंय. आपली आये असती तर माझे आधी ठाण्याला गेली असती."

नाथाने डोळे पुसले आणि काठी शोधायला लागला.

अनाथखान्याचा कारभार महिपतराव कर्णिकांकडे होता. जुने कारकून वारल्यावर ते आले होते. सरळ माणूस, पण नियमाचा पक्का. बापलेकीचं ऐकून घेऊन त्यांनी कपाटातून एक कागद काढला. "नाथा, हा तुझा अंगठा. मूल घेताना लिहून दिलं आहेस, की मुलाचं मागचं काही विचारणार नाही. सगळेच लिहून देतात. मुलाच्या भल्यासाठीच आहे ते. उद्या कोणी नातलग उठतो, हक्क सांगतो. नकोच ते."

नाथाने मान खाली घातली. शेवंतीने घातली नाही. "राव, अंगठा बापाचा हाय. माझा नाय."

"तू तेव्हा दोन वर्षांची होतीस."

"म्हणून तर. मना कुणी इचारलं होतं?"

महिपतराव हसले, पण चोपडी निघाली नाही. मंडळीच्या चिटणिसांची परवानगी लागेल म्हणाले. चिटणीस पुण्याला गेलेले. कधी येणार? सांगता येत नाही. "मग तुमचे शिपायाला कशी वाचून दाखवलीत?" असं शेवंतीने विचारल्यावर मात्र राव चपापले. कधीतरी जुन्या चोपड्यांची धूळ झटकताना एकदोन नोंदी वाचल्या असतील, म्हणाले. पंढरी दाराशीच उभा होता. तो तिथून जो सटकला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंती एकटीच आली आणि अनाथखान्याच्या पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी बसली. चौथ्या दिवशी बसली. भांडण नाही, रडणं नाही. बरोबर आणलेली भाकरी दुपारी खायची, तळ्यावर पाणी प्यायची, पुन्हा पायरीवर. राव आत जाताना तिला वळसा घालून जायचे.

पाचव्या दिवशी भिवंडीकडचं एक जोडपं मूल घ्यायला आलं. बाईने सहज विचारलं, तू कोण गो? शेवंती म्हणाली, "मी हिथलीच पोर. हिथूनच दिलंय मना. माझी आयस कशानं मेली ता इचारतंय, तर सांगत नाय. चोपडीत लिवलेलं हाय, पण सांगत नाय." यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बाईकडे, आणि दोघं "जरा घरी विचारून येतो" म्हणून जी गेली ती गेली. सातव्या दिवशी आणखी एक जोडपं असंच परतलं.

आठव्या दिवशी सकाळी महिपतरावांनी तिला आत बोलावलं. "अगं बाई, तू माझी पोरं इथेच अडकवून ठेवणार आहेस काय!"

"मना पायरीवर बसायची हौस नाय, राव."

राव स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. बहुधा चिटणिसांच्या नावाने असावं. मग त्यांनी दुष्काळ सालची चोपडी काढली, फडक्याने पुसली, आणि नाथाच्या कागदावरचा आकडा बघून पान काढलं. मोडी अक्षर, घाईचं, एकात एक गुंतलेलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. "एक्केचाळीस. मुलगी, वय सुमारे दोन. नाव समजलं नाही. आई लक्ष्मी, गाव माणदेशाकडे. बाप वाटेत मयत. आई कल्याणच्या छपरात मयत. दुखणं..." राव थांबले.

"वाचा ना."

"रगत. आणि पुढे टिंब." त्यांनी चष्मा काढला. "आखूड लिहिलं आहे. रगतपितीच, बाई. दुसरं काय असणार? मला वाईट वाटतं."

शेवंती बैठकीसमोर खाली बसली. आठ दिवस ज्याच्या आशेवर पायरीवर काढले ते हे? खोपीतच मरेन, असं तीच बोलून आली होती. जया डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला वाटलं, आता आपण उठायचं आणि कुठेही जायचं, डोंबिवलीला तेवढं नाही. पण उठवेना, म्हणून बसून राहिली. बसल्या बसल्या चोपडीच्या पानाकडे पाहिलं. वाचता तिला येत नव्हतं, पण डोळे होते. रावांचं बोट जिथे होतं, तिथे एक आकार होता आणि त्याच्यापुढे ठिपका. त्याच्या वरच्या ओळीतही तोच आकार, तोच ठिपका. खालच्या ओळीतही तोच.

"राव, हे वरचे ओळीत काय?"

रावांनी चष्मा पुन्हा चढवला. "चाळीस. आई मयत. रगत, टिंब."

"आणि खाली?"

"बेचाळीस. रगत, टिंब."

त्यांनी सगळं पान वाचलं. बावीस नावं. चार पटकीची, एक तापाचं, सतरा रगत, टिंब. सगळी एकाच आठवड्यातली.

"राव," शेवंती म्हणाली, "रगतपितीचं माणूस वर्सानवर्सं कुजत राहतं. आमचे बंदरावर एक म्हातारा वीस वर्सं बसलेला. सतरा माणसं एका आठवड्यान रगतपितीनं कशी मरतील?"

महिपतरावांनी त्या सतरा ओळी बोटाने पुन्हा मोजल्या.

"मागं जा राव. आमचे मिठागरावर मुकादम पहिले गोणीवर धन्याची खूण पुरती काढतो. मग बाकीचे गोणींवर नुसती एक रेघ वढतो. सगळ्यांना ठाव असतं का तीच खूण हाय. ह्यानं पण पहिलंछूट कुठतरी पुरतं लिवलं असंल."

राव पान मागे उलटून ओळीओळीने वर सरकत गेले. बावीस, एकवीस, वीस. एकोणीस आकड्याशी त्यांचं बोट थांबलं. तिथे जुन्या कारकुनाने सावकाश, नीट अक्षरात, पुरतं लिहिलं होतं. रावांनी मोठ्याने वाचलं, "रगत हगवण."

हगवण! भुकेल्या पोटी घाण पाणी प्यायलं की लागते ती. दुष्काळात शेकड्यांनी माणसं नेली तिने. ती रक्तात उतरत नाही आणि लेकीला जात नाही. शेवंतीने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती तिथेच, रावांच्या बैठकीसमोर, हमसून हमसून रडली. रावांनी तिला रडू दिलं. स्वतः उठून तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. कर्णिकांच्या घराण्यात असं कधी झालं नसेल, पण माणूस खजील झाला की त्याला रीतभात आठवत नाही. "चूक माझी," ते म्हणाले. "एक शब्द न बघता बोललो आणि तुझं घर मोडलं."

"घर माझंच हाय, राव. तुमी लिवून द्या."

त्यांनी लिहून दिलं, बाळबोध लिपीत, म्हणजे कुणालाही वाचता यावं. दुखणं रगत हगवण, असं पुरतं, खाली सही आणि मंडळीचा शिक्का. मग पुन्हा एक्केचाळिसावी ओळ नीट बघायला त्यांनी चोपडी जवळ ओढली, आणि म्हणाले, "समासात बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. ती मघाशी वाचली नाही. वाचू?"

"वाचा."

"आईने हयात असेतो मूल दिले नाही. मयत झाल्यावर सोडवून घेतले."

शेवंतीने ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली आणि मग कागद कमरेला खोचून उठली.

भरतीच्या होडीने ती डोंबिवलीला पोचली तेव्हा ऊन कलत होतं. ओटीवर ठमाबाई सुकट निवडत होती आणि जया तिच्या मांडीला टेकून बसली होती. दामाजी जाळं दुरुस्त करत होता, तो उठून उभा राहिला. शेवंतीने कागद सासूसमोर ठेवला आणि काय निघालं ते सांगितलं.

ठमाबाईने कागदाला हात लावला नाही. शिक्क्याकडे मात्र नीट बघितलं. "आमाला कुठं वाचता येतंय? गुरुवारी तलाठी येल. त्यानं वाचू दे. तवर खोपीत राहा. चार महिने राहिलीस, आता चार दिस..."

"नाय," शेवंती म्हणाली.

ती ओटीवर चढली. वाकली आणि जयाला उचललं. दामाजी म्हणाला, "आये, राहू दे," आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या आईने त्याच्याकडे वळून पाहिलं.

पण पोर किंचाळली. तिने शेवंतीच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, अंग मागे टाकलं, आणि आजीकडे हात पसरून "आये, आये" म्हणून आकांत मांडला. चार महिन्यांत ती आईला विसरली होती. ठमाबाईचे डोळे भरले. तिने हात पुढे केले. "दे गो इकडं, घाबरलंय ती. सवय होईतवर दे."

शेवंतीच्या गालावरून पाणी वाहत होतं. पोरीने तिचा कान ओरबाडला, केस ओढले. तिने पोर दिली नाही. तशीच घट्ट धरून ती आत गेली आणि चुलीजवळ बसली. जया दिवेलागणीपर्यंत रडत होती.